कोण कुणाच्या देखरेखीखाली

कायदा मंगळवारी आला. म्हणजे दिल्लीत तो काही वर्षांपूर्वीच झाला होता असं नंतर कळलं. पण आष्ट्यात तो मंगळवारी सकाळी साडेदहाला आला, कारण डॉ. मगदूमांनी त्या वेळी पेपर उघडला. त्यांनी बातमी वाचली, चष्मा पुसला, तीच बातमी पुन्हा वाचली आणि आत एका म्हाताऱ्याच्या पायाचं ड्रेसिंग करत असलेल्या दीपमालाला हाक मारली.

"हे ड्रेसिंग पुरं कर आणि हात धू. नोंदणी होईपर्यंत आता पेशंटला हात लावायचा नाही."

"सर, पण बाहेर अकरा जण बसलेत."

"असू देत. कायदा आलाय."

दीपमाला केरबा ढोले ही डॉक्टरांकडे चार वर्षं होती. तिची पदवी फिजिशियन असिस्टंटची. पेशंटला आधी तीच बघायची, काय होतंय ते विचारायची, रक्तदाब, साखर, कार्डिओग्राम, सगळं टिपून डॉक्टरांपुढे ठेवायची; मग डॉक्टर तपासायचे आणि औषध लिहायचे. काम साधं होतं, पण ते लोकांना समजावून सांगणं महाकठीण होतं. लोक विचारायचे, "डॉक्टर हाय का?" न्हाई. "मंग नर्स?" न्हाई. "कंपाउंडर व्हय?" इथे तिचे वडील केरबा ढोले भडकायचे. लग्नाकार्यात त्यांनी सोपं उत्तर काढलं होतं, "डॉक्टरांच्या खालोखाल." त्यावर एकदा एका पाहुण्यानं, "म्हंजे तळमजल्याला का?" असं विचारल्यापासून ते लग्नात जेवून लगेच निघायला लागले.

तर आता या कामाला सरकारनं नाव दिलं होतं, वही दिली होती, परिषद दिली होती. नाव वहीत चढवायचं, आणि कोणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काय काय करता ते लेखी द्यायचं. अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत. कायद्यात नेमकं काय करायला मुभा आहे आणि काय नाही, हे आष्ट्यात कुणालाच माहीत नव्हतं, पण डॉ. मगदूम हे रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारे गृहस्थ. माहीत नाही म्हणजे करायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांचं वय त्र्याहत्तर. "पोरी, नोंदणी झाली नाही तर मी दवाखाना बंद करीन. एकट्यानं झेपायचं नाही," असंही ते त्याच दमात म्हणाले.

संध्याकाळी घरी हे कळलं तेव्हा केरबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि निवृत्तीपासून कधी आला नव्हता इतका तजेला त्यांच्या चेहऱ्यावर आला. केरबा बावीस वर्षं सैन्यात हवालदार क्लार्क होते. लोकांना वाटायचं यांनी बंदूक चालवली असेल. त्यांनी फायली चालवल्या. जगातली प्रत्येक अडचण म्हणजे चुकीच्या फायलीत लागलेला एक कागद, असं त्यांचं मत होतं, आणि निवृत्तीनंतर या मताला काही कामच उरलं नव्हतं.

"तू पेशंटचं बघ. कागद माझ्यावर सोड," ते म्हणाले.

"आप्पा, पेशंटचंच तर बंद झालंय."

"मंग निवांत बस."

त्यांनी नवी फाईल आणली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'विषय : कन्येची नोंदणी'. फाईल उघडेपर्यंत दीपमालानं मोबाईलवर अर्ध्या तासात अर्ज भरून टाकला. केरबांना हे अजिबात आवडलं नाही. इतका मोठा अर्ज आणि कुठं शिक्का नाही, कुठं 'महोदय' नाही. सुदैवानं शेवटी एक ओळ निघाली : मूळ कागदपत्रं सांगलीच्या पडताळणी कक्षात समक्ष दाखवावीत. केरबांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीची पँट, काळे बूट आणि फाईल घेऊन ते सांगलीच्या एसटीत बसले. पडताळणी कक्षात खिडकीपलीकडे नूरजहां मुजावर नावाच्या मॅडम होत्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आणि कागद वाचताना ओठ घट्ट मिटणाऱ्या. केरबांनी खाडकन टाचा जुळवल्या. मॅडमनी वर न बघता कागद घेतले, एकेक उलटला, आणि पाच मिनिटांनी विचारलं,

"काका, तुम्हाला मुली किती?"

"एकच, मॅडम."

"कागदावर तीन आहेत."

केरबांनी खिडकीत डोकं घातलं. दहावीच्या दाखल्यावर इंग्रजी नावात डबल ई होता. आधार कार्डावर नुसता आय. आणि पदवीवर डबल ई तर होताच, वर मधे कुठून तरी एक जादा ए येऊन बसला होता.

"यातली नोंदणी कुणाची करायची?" मॅडमनी शांतपणे विचारलं. "हे फॉर्म भरले कुणी होते?"

तिन्ही फॉर्म केरबांनी स्वतःच्या हातानं भरले होते. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुकांना लाल पेन्सिलीनं गोल केलेल्या माणसाला हे सांगणं किती जड जातं, हे त्याचं त्यालाच माहीत. ते म्हणाले, "शाळेनं भरले असतील."

"प्रतिज्ञापत्र आणा. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं. आणि डॉक्टरांचं देखरेखीचं पत्र."

"मॅडम, एका अक्षराचा तर फरक हाय. आर्मीत..."

"काका, उद्या हिचं नाव वहीत चुकीचं चढलं तर दुरुस्तीला वर्ष जाईल. आज एक दिवस जाऊ दे."

केरबा एसटीत खिडकीशी बसून आष्टा येईपर्यंत या बाईंविरुद्ध मनातल्या मनात एक तक्रार अर्ज लिहीत आले. त्यात 'महोदय' तीन वेळा होतं.

गावात बातमी आधीच पोचली होती. शेजारचे बिरदेव अण्णा कट्ट्यावर वाटच बघत होते. अण्णा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे पाणी सोडून सगळ्या विषयांवर त्यांचा सल्ला तयार असायचा.

"हवालदार, अर्जात ह्या कामाला काय म्हणलंय?"

"फिजिशियन असोसिएट."

"आन पोरीच्या डिग्रीवर?"

"असिस्टंट."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "हितंच गोम हाय! असिस्टंट म्हंजे मदतनीस. असोसिएट म्हंजे भागीदार. उद्या मगदूम डॉक्टरांना अर्धा दवाखाना नावावर करून द्यावा लागंल. डॉक्टर सही करतील व्हय? इच्यार करा गड्या!"

केरबांनी विचार केला. रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत नक्की. शेवटी राहीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, भाकरी वाढता वाढता निकाल दिला, "आवं, त्या अण्णाच्या सल्ल्यानं आपल्या नळाला पाणी आलंय का कवा?"

प्रतिज्ञापत्रासाठी इस्लामपूर गाठलं. तिथल्या टायपिस्टानं फार मन लावून टाईप केलं आणि कागद हातात दिला. केरबांनी घरी येऊन वाचला तेव्हा त्यात असं होतं : 'मी, दीपमाला केरबा ढोले, वय ५८, निवृत्त हवालदार, शपथेवर लिहून देते की माझे वडील केरबा यांच्या नावात डबल ई आहे.' दीपमाला हसून हसून खाली बसली. केरबा दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्लामपूरला गेले आणि टायपिस्टाच्या मागे उभे राहून अक्षर अन् अक्षर टाईप करून घेतलं. दोन दिवस तिथेच गेले.

दरम्यान दवाखान्याचे हाल बघवत नव्हते. दीपमालाला हात लावायला बंदी. पण ती रोज जायची, खुर्चीत बसायची आणि हात मांडीवर बांधून ठेवायची. डॉक्टर एकटेच सगळं करायचे. रक्तदाब घेताना पेशंटचा दंड सोडून खुर्चीच्या हाताला पट्टा बांधायचे. रांग रस्त्यापर्यंत गेली. शेजारच्या मेडिकलवाल्या बादशहाभाईंनी बसायला दोन बाकडी आणून टाकली आणि दीपमालाला म्हणाले, "बेटा, निदान नाव तरी लिहून घे. नाव लिवायला कायदा आडवा येतोय का?" तेव्हापासून ती नावं लिहायला लागली. लोक नाव सांगता सांगता दुखणंही सांगायचे, आणि ती ऐकायची. ऐकायला बंदी आहे असं कुणी म्हटलं नव्हतं.

देखरेखीचं पत्र डॉक्टरांनी स्वतः लिहिलं. केरबांनी ते दवाखान्यातच उभ्या उभ्या वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोरची अक्षरं हलायला लागली. पत्र असं होतं :

'कु. दीपमाला ढोले गेली चार वर्षे माझ्याकडे आहेत. मी एखाद्या रुग्णास तोच प्रश्न दोनदा विचारू लागलो की त्या मला हळूच थांबवतात. माझा चष्मा, माझी रक्तदाबाची गोळी आणि माझा राग यांवर त्यांचे लक्ष असते. गेल्या वर्षी एका बाईंना न चालणारे औषध माझ्या हातून लिहिले जात होते. ते त्यांनी वेळीच नजरेस आणले. त्या नसत्या तर मी हा दवाखाना केव्हाच बंद केला असता.'

असं पत्र आपल्या मुलीबद्दल कुणी लिहिल्यावर बापानं काय करावं? केरबांनी त्याचं लॅमिनेशन केलं.

मॅडमनी ते पत्र हातात घेऊन उजेडात धरलं. "काका, हे प्लॅस्टिकमध्ये का घातलंय?"

"टिकावं म्हणून, मॅडम."

"यावर शिक्का बसत नाही."

मॅडमनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मिटलेले ओठ जरा सैल झाले. "पत्र फार चांगलं आहे. सव्वीस वर्षं नोकरी झाली, माझ्याबद्दल असं कुणी लिहिलं नाही." केरबांना वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण हे उलटं आहे."

"उलटं?"

"मुलगी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते, असं पाहिजे. यात डॉक्टर मुलीच्या देखरेखीखाली आहेत. नक्की कोण कुणाच्या देखरेखीखाली?"

"मॅडम, खरं सांगू का..."

"खरं नका सांगू. नियमात बसेल ते आणा. तिची कामं कोणती, डॉक्टर तपासतात कधी, ते त्यात येऊ दे. चार दिवस उरलेत."

केरबांनी बावीस वर्षांची शिस्त बाजूला ठेवून विचारलं, "मॅडम, तुमाला आमच्यावर काय राग हाय का?"

मॅडमनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "राग असता तर हे पत्र मी तसंच पुढं पाठवलं असतं, काका. मुंबईच्या परिषदेकडनं परत आलं असतं आणि मुदत संपलेली असती."

केरबांनी फाईल काखेत मारली; बाईंचं म्हणणं खरं होतं, आणि याचाही त्यांना रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर नवं पत्र लिहायला बसणारच होते. त्याआधी एक ड्रेसिंग उरकावं म्हणून उठले. बँडेजचा रोल हातातून निसटला, घरंगळला, डॉक्टर त्याच्या मागे वाकले आणि त्यांचा पाय नेमका त्याच रोलवर पडला. रांगेतल्या लोकांनी फक्त "अगं आई गं" एवढंच ऐकलं. सगळे धावले. डॉक्टर जमिनीवर बसले होते, उजवं मनगट डाव्या हातात धरून, चेहरा पांढराफटक.

दीपमाला त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. पण हात तिनं पाठीमागे धरले होते.

"सर, हात लावू?"

"नोंदणी झाली का?" डॉक्टरांनी कळ सोसत विचारलं.

"नाही, सर."

रांगेतल्या एका म्हातारीनं कपाळावर हात मारला. "आवं डाक्टर, मराल की कायद्यापायी!"

डॉक्टरांनी डोळे मिटले, दोन क्षण विचार केला. मग शिकवणी घेतल्यासारखे म्हणाले, "मी शुद्धीवर आहे. मी डॉक्टर आहे. मी समक्ष बघतोय. माझ्या देखरेखीखाली लाव."

मग दीपमालाचे हात पुढे आले. आठ-दहा दिवस बांधून ठेवलेले हात ते. औषधाच्या खोक्याचा जाड पुठ्ठा तिनं कापला, कापूस घातला, मनगट जरासुद्धा न हलवता त्यावर ठेवलं. डॉक्टर दातांवर दात ठेवून सांगत होते, "कोपरापर्यंत घे... जास्त आवळू नको..." आणि ती "होय सर" म्हणत ते आधीच करत होती. मग ती थांबली.

"सर, अंगठी."

"काय?"

"बोट सुजायला लागलंय. अंगठी आत्ता निघेल, नंतर निघायची नाही."

डॉक्टरांना अंगठीचं भानच नव्हतं. तिनं साबण लावून ती हळूहळू फिरवत काढली, बोटांची नखं दाबून रंग परत येतोय का ते बघितलं, हात गळ्यात अडकवून दिला आणि बादशहाभाईंना गाडी काढायला सांगितली. सांगलीच्या हाडाच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घालताना विचारलं, "आधी बांधलं कुणी? काम झकास आहे. आणि अंगठी काढली ते बरं झालं, नाहीतर आत्ता कापावी लागली असती." डॉ. मगदूम म्हणाले, "माझ्या देखरेखीखाली झालंय," आणि वेदनेतही त्यांना हसू आलं.

केरबांना हे घरी कळलं तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा : "सही!"

प्लॅस्टर उजव्या हाताला. सहा आठवडे. मुदत तीन दिवसांवर.

राहीबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "आवं, देवमाणसाचा हात मोडलाय, आन तुमी सहीला रडताय?"

केरबांची मान खाली गेली. फायलीच्या नादात आपण कुठं येऊन पोचलो, हे त्यांना त्या एका वाक्यानं कळलं. ते उठले, बूट न घालता चपला सरकवून डॉक्टरांच्या घरी गेले, आणि फाईल पहिल्यांदाच घरी राहिली. डॉक्टर एकटेच राहात, मुलगा परदेशी. केरबांनी त्यांना चहा करून दिला, डाव्या हातानं बशी धरायला जमत नव्हती म्हणून धरून ठेवली. सहीचा विषय त्यांनी काढला नाही. डॉक्टरांनीच काढला.

"केरबा, टेबलावरची वही बघा."

वहीत पानभर सह्या होत्या. डाव्या हातानं काढलेल्या. बालवाडीतल्या पोरानं भिंतीवर पाली काढाव्यात तशा.

"सांगलीहून आल्यापासून गिरवतोय," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "शेवटच्या चार जरा बऱ्या आहेत."

केरबांनी ती वही हातात घेतली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

बिरदेव अण्णांचा सल्ला होता, अंगठा उठवा. बादशहाभाईंना ते पटलं नाही. "एमबीबीएस माणसाचा अंगठा? सरकार म्हणंल, आडाणी डॉक्टरच्या हाताखाली पोरगी शिकली." त्यांनी डाव्या हाताची सही निरखून पाहिली. "खरं सांगू का, उजव्या हातापरास हीच वाचायला येती."

केरबांनी कक्षात फोन केला. मॅडम म्हणाल्या, "डाव्या हाताची चालेल, पण डॉक्टरांनी माझ्यासमोर करायला पाहिजे. त्यांना त्रास होणार असेल तर बघा."

"मी येतो," डॉक्टर म्हणाले. "हात मोडलाय, पाय नाही."

शेवटच्या दिवशी दुपारी बादशहाभाईंच्या गाडीतून चौघं निघाले. वेळ भरपूर होता. पण गळीत हंगाम सुरू होता, आणि वाटेत उसाची एक ट्रॉली रस्त्यात आडवी होऊन अख्खा ऊस डांबरावर पसरून बसली होती. पुढे बैलगाड्या, मागे ट्रॅक्टर, मधे कायद्याचं पालन करायला निघालेले चौघं. केरबा गाडीतून उतरले, पँटचे पाय वर दुमडले आणि लोकांबरोबर ऊस उचलायला लागले. मग बादशहाभाई उतरले. मग दीपमाला. डॉक्टर खिडकीतून डाव्या हातानं दिशा दाखवत होते. कक्षाची वेळ सव्वासहापर्यंत. गाडी कक्षासमोर थांबली तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. केरबांच्या इस्त्रीवर उसाचं पाचट होतं आणि एका बुटाचा पत्ता नव्हता.

मॅडम पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. त्यांनी या वरातीकडे बघितलं, प्लॅस्टर बघितलं, केरबांचा मोजा बघितला, आणि पर्स काढून पुन्हा खुंटीला अडकवली.

"बसा, डॉक्टरसाहेब. पाणी घ्या आधी." मग दीपमालाकडे वळून, "तूच का ती तिन्ही?"

"होय मॅडम."

"मला एक सांग. नियमाचं नंतर लिहू. दवाखान्यात तू काय करत नाहीस?"

प्रश्न उलटा होता. केरबांनी घाबरून मुलीकडे बघितलं. एवढी तयारी त्यांनी करून घेतली नव्हती. दीपमाला म्हणाली, "मी अंदाजानं काही करत नाही. आजार काय ते ठरवत नाही, मनानं औषध देत नाही. शंका आली की थांबते आणि सरांना हाक मारते. पेशंटला वाईट वाटलं तरी मारते."

"आणि साहेब तुम्ही?"

"मला शंका आली की मी हिला हाक मारतो," डॉक्टर म्हणाले. "पण ते लिहू नका, नियमात बसत नाही."

मॅडम हसल्या. त्यांचे दात इतके पांढरेशुभ्र असतील असं केरबांना वाटलं नव्हतं.

पत्र तिथंच लिहायचं ठरलं. डॉक्टर सांगणार, पण लिहिणार कोण? मॅडमनी कोरा कागद केरबांपुढे सरकवला. "काका, क्लार्क होता ना?"

वळणदार अक्षरात केरबांनी लिहायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत उमेदवाराचं नाव इंग्रजीत हवं होतं. पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं. ते मुलीकडे वळले.

"बाळ, तू तुजं नाव कसं लिवतीस?"

एकोणतीस वर्षांत हे त्यांनी तिला पहिल्यांदा विचारलं होतं. दीपमालानं एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. नंतर डॉक्टरांनी जीभ दातांत धरून डाव्या हातानं सही केली. सराव केलेल्या शेवटच्या चारपेक्षाही ही बरी आली. मॅडमनी खाली शेरा मारला : 'उजव्या हातास इजा असल्याने डाव्या हाताने, माझ्यासमक्ष.' आणि शिक्का उठवला. तो 'ठक्' आवाज केरबांनी डोळे मिटून ऐकला.

एवढं झाल्यावर संगणक अडकला. कागद वर चढेना. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. साडेसहा झाले, शिपाई किल्ल्या वाजवून गेला, मॅडमची मिरजेची गाडी निघून गेली. त्या उठल्या नाहीत. पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिल्या. सात वाजायला आले तेव्हा गोल थांबला आणि हिरवी खूण उमटली. मॅडमनी खुर्चीला पाठ टेकली. बादशहाभाईंनी त्यांना गाडीतून मिरजेला सोडतो म्हणून सांगितलं; त्या नको म्हणाल्या आणि रिक्षानं गेल्या.

नोंदणी पाच आठवड्यांनी आली; तोवर डॉक्टर डाव्या हातानं तपासायचे आणि ते सांगतील ते दीपमाला नुसतं लिहून घ्यायची. नावात जेवढे ई आणि ए हवे होते तेवढेच होते. केरबांनी ती चारदा तपासली आणि लॅमिनेशनचा मोह मोठ्या कष्टानं आवरला. दीपमालानं त्या दिवशी सकाळी पहिल्या पेशंटच्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर, अजून प्लॅस्टरमध्येच, आतून ओरडले, "शांतता राखा, दवाखाना आहे!" आणि स्वतःच नाक पुसत बसले.

केरबा पेढे घेऊन सांगलीला गेले. बसमध्ये यावेळी त्यांनी मनात आभाराचा अर्ज तयार केला होता, पण खिडकीसमोर उभं राहिल्यावर त्यातलं एक वाक्य आठवेना. त्यांनी नुसता पुडा पुढे केला.

"काका, हे मला घेता येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, त्या दिवशी तुमी गाडी चुकीवली आमच्यापायी. आमी तुमाला मनात नाय नाय ते बोललो हुतो."

"ते कळतं आम्हाला. खिडकीतनं दिसतं." त्यांनी पुडा परत सरकवला. "पेढे नकोत. एक विचारू? माझी आई आष्ट्याला मामाकडं आहे. साखरेचा त्रास आहे, पण डॉक्टरांपुढं गेली की तोंडातनं शब्द निघत नाही तिच्या. तुमच्या मुलीकडं पाठवली तर चालेल?"

पुढच्या गुरुवारी त्यांची आई आली. डोक्यावरून पदर घेतलेली, काठी टेकत आलेली, चार शब्दांपलीकडे न बोलणारी. केरबा बाहेर बाकड्यावर मुद्दाम येऊन बसले होते. आत दीपमालानं तिचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन बोटं बघितली, एकेक प्रश्न हळू विचारला, आणि म्हातारी बोलायला लागली. साखरेपासून सुरू झाली ती नवऱ्याच्या मृत्यूपर्यंत गेली आणि परत टाचेच्या भेगांवर आली. अर्धा तास. मग दीपमालानं डॉक्टरांना हाक मारली. एक भेग चिघळली होती. म्हातारीनं ती महिनाभर कुणाला दाखवली नव्हती. डॉक्टरांनी तपासलं, औषध सांगितलं, आणि म्हणाले, "वेळेत आलात. आणखी पंधरा दिवस गेले असते तर अवघड होतं."

केरबा तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. पिशवी त्यांच्या हातात होती. रिक्षात बसल्यावर म्हातारीनं त्यांचा हात धरला, त्यांच्या हाताला आपलं कपाळ लावलं आणि म्हणाली,

"अल्ला तुझ्या लेकीला लय आयुष्य देवो, बाबा."

केरबांना एवढंच सुचलं, "आन तुमच्या लेकीला बी, आई."